उळे टाकल्यापासून मोठ्या कांद्यापर्यंत : उन्हाळ कांद्याच्या आकाराचं गणित

बांधावरचा

उन्हाळ (रब्बी) कांद्याचं उळे, म्हणजे बी, टाकायची वेळ आली की सगळीकडे एकच प्रश्न फिरतो, कांदा मोठा कसा करायचा. उत्तरं मात्र येतात फेब्रुवारी-मार्चमधल्या फवारण्यांची. म्हणून हा धागा मुद्दाम बियाण्यापासून सुरू करतोय.

हवं ते असं : ५५ ते ७० मिमीचा, एकडोळी (आत एकच कोंब असलेला), बारीक मानेचा माल जास्तीत जास्त. चिंगळी (अगदी बारीक कांदा), गोल्टी (लहान कांदा), जोड (आत दोन-तीन डोळ्यांचा) आणि डोंगळे (फुलोऱ्याचे दांडे) कमीत कमी. जमीन मध्यम काळी, विहिरीचं पाणी मार्चअखेरपर्यंत पुरणारं.

उळे कधी आणि किती टाकायचं, रोप किती दिवसांचं लावायचं, अंतर किती, खत कुठे थांबवायचं, एवढ्यावर नेमकं लिहा. आकडे द्या. 'भरपूर शेणखत घाला' छापाची उत्तरं नकोत.

उळेवाले_आप्पा

आधी एक गोष्ट पक्की करा, मग पुढचं सगळं आपोआप सुटतं. कांद्याचा पापुद्रा म्हणजे पातीचंच बूड. एक पात, एक पापुद्रा. फुगवण सुरू होते त्या दिवशी झाडावर किती पाती आहेत आणि त्या किती जाड आहेत, यावर कांदा किती मोठा होऊ शकेल ते ठरून जातं. त्यानंतर तुम्ही तो आकार राखू शकता किंवा बिघडवू शकता, वाढवू फारसा शकत नाही. आठ-दहा धष्टपुष्ट पाती घेऊन फुगवणीत शिरलेलं झाड मोठा कांदा देणार. पाच पातींचं झाड काहीही फवारलंत तरी गोल्टीच.

आता फुगवण कधी सुरू होते? तारीख झाड ठरवत नाही, दिवस ठरवतो. आपल्या जाती कमी दिवसमानाच्या आहेत, ११ ते १२ तासांचा दिवस आणि वाढतं तापमान मिळालं की त्या कांदा धरतात. नाशिकला डिसेंबरच्या शेवटी दिवस साधारण ११ तासांचा असतो आणि फेब्रुवारीत तो वाढत जातो, त्यात ऊनही तापायला लागतं. म्हणजे फेब्रुवारीत फुगवण सुरू होणारच, तुमचं झाड तयार असो वा नसो. रोप १५ डिसेंबरला लावलेलं असो की २० जानेवारीला, शेवटची घंटा दोघांना जवळपास एकाच वेळी ऐकू येते. २० जानेवारीवाल्याला पाती काढायला महिनाभर कमी मिळाला, हिशोब संपला.

माझं वेळापत्रक : उळे १५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर, लागण (रोपांची लावणी) ५ डिसेंबर ते ५ जानेवारी. १५ जानेवारीनंतर लावायचंच असेल तर मोठ्या कांद्याची अपेक्षा सोडा आणि अंतर थोडं कमी करून वजन भरून काढा.

निफाडचा_वाफा

आप्पांशी सहमत, पण यातून कुणी 'मग सप्टेंबरातच उळे टाकू, पाती अजून वाढतील' असा अर्थ काढेल, म्हणून लगेच लिहितो. ती चूक महागात पडते.

कांद्याचं झाड एका ठरावीक जाडीच्या पुढे गेलं आणि मग त्याला दीर्घ थंडी लागली, साधारण ८ ते १३ अंशांची, की त्याला फुलोरा धरायची आज्ञा मिळते. डोंगळा आला की मधला दांडा लाकडासारखा होतो, तो कांदा टिकतही नाही आणि विकतही नाही. लहान रोपाला तीच थंडी लागली तर काही होत नाही, कारण ते अजून 'वयात' आलेलं नसतं. रांगड्या (खरीप आणि रब्बीच्या मधल्या हंगामाच्या) कांद्यात डोंगळे आणि जोड जास्त का दिसतात? कारण डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ते झाड भर वाढीत, चांगलं जाड झालेलं असतं.

म्हणून रोपाच्या वयाइतकीच त्याची जाडीही बघा. लावताना मानेची जाडी ४ ते ६ मिमी, उंची १५ ते २० सेंमी, तीन-चार पाती. रब्बीत असं रोप ४५ ते ५५ दिवसांत तयार होतं. करंगळीच्या निम्म्याहून जाड झालेलं किंवा बुडाशी गोटी धरलेलं रोप फेकून द्या, हळहळू नका. ६०-६५ दिवसांचं थोराड रोप लावलं तर एक तर डोंगळा, नाही तर लागणीनंतर लगेच कांदा धरून बसतं आणि चिंगळी होते.

थोडक्यात, लवकरची बाजू डोंगळ्याने बंद आहे, उशिराची उन्हाने. मधली खिडकी पाच-सहा आठवड्यांची.

कृषी_डायरी

रोपवाटिकेचे आकडे देतो, एका एकरासाठी.

एक किलो उळ्यात अडीच ते तीन लाख दाणे असतात. १५ × १० सेंमीवर एकरी कागदावर २ लाख ७० हजार झाडं बसतात, बांध-पाट वजा जाता कमी. उगवण ७० टक्के धरा, शिवाय मर आणि निवड यात गळती. २ ते सव्वादोन किलो पुरतं. लोक चार-चार किलो टाकतात ते उगवणीवरच्या अविश्वासामुळे, आणि त्या दाटीतच रोप सुतासारखं बारीक होतं.

अविश्वास असेल तर तपासा. १०० दाणे ओल्या सुती कापडात गुंडाळून सावलीत ठेवा, कापड सुकू देऊ नका. सहाव्या दिवशी पहिली मोजणी, बाराव्या दिवशी शेवटची. ७० च्या खाली आलं तर ते बियाणं वापरू नका. कांद्याचं बी फार लवकर मरतं. उन्हाळ्यात निघालेलं बी त्याच वर्षीच्या पावसाळ्यात किंवा रब्बीत वापरून टाकायचं. गेल्या वर्षीचं उरलेलं पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं असेल, तर चाचणीशिवाय हातही लावू नका. कमी उगवण ही अर्धीच अडचण आहे. जे जुनं बी उगवतं तेही मागेपुढे उगवतं, आणि रोप एकसारखं नसेल तर कांदा एकसारखा कुठून येणार?

वाफा : गादीवाफाच हवा. १ मी. रुंद, ३ मी. लांब, १५ सेंमी उंच. असे ७० वाफे लागतात, म्हणजे निव्वळ २ गुंठे, मधल्या चालायच्या पट्ट्या धरून ३. प्रत्येक वाफ्याला ३-४ किलो पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत. सगळ्या वाफ्यांच्या शेणखतात मिळून ५०० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) आठवडाभर आधी मिसळून ओलसर ठेवा.

बीजप्रक्रिया थायरम (बुरशीनाशक) २ ग्रॅम प्रति किलो. पाकिटावर 'प्रक्रिया केलेलं' लिहिलं असेल तर पुन्हा नको. आणि थायरम लावलेल्या त्याच बियाण्याला वरून ट्रायकोडर्मा चोळू नका, एक दुसऱ्याला मारतं. ट्रायकोडर्मा मातीत, थायरम बियाण्याला.

पेरणी फेकून करू नका. वाफ्याच्या रुंदीला समांतर, ५ ते ७ सेंमीवर, १ सेंमी खोल रेघा ओढून पेरा. वाफ्याला ३० ग्रॅम, म्हणजे चौरस मीटरला १० ग्रॅम. बी चाळलेल्या खताने झाका आणि झारीने पाणी द्या.

गोदाकाठ

वाफ्याला ३० ग्रॅम म्हणजे ७० वाफ्यांना २ किलो १०० ग्रॅम. हिशोब जुळतोय. एक शंका : बी खोल गेलं तर नेमकं काय बिघडतं?

कृषी_डायरी

कांद्याची उगवण सरळ काडीसारखी नसते. आधी वाकडा आकडा वर येतो, मग तो उलगडून बियाण्याची टोपी बाहेर ओढतो. दोन सेंमीपेक्षा खोल गेलं किंवा वर खपली धरली की आकडा मोडतो. रोपवाटिकेत पाचव्या ते आठव्या दिवसापर्यंत वरची माती एकदाही सुकू न देणं यासाठीच महत्त्वाचं. सूक्ष्म तुषार असतील तर उत्तम, पाटाने पाणी सोडाल तर बी एका कोपऱ्यात गोळा होतं.

मरीचं पण इथेच लिहून टाकतो. रोप बुडाशी पाणचट होऊन आडवं पडतं, ठिगळासारखे टक्कल पडलेले भाग दिसतात. कारण बहुतेक वेळा सपाट वाफा, दाट पेरणी आणि संध्याकाळचं पाणी. दिसताच कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला ३ ग्रॅमची आळवणी करा (द्रावण मुळाशी ओता), आणि पाण्याची पाळी लांबवा. पाणी तसंच चालू ठेवून आळवणी केली तर पैसे वाया.

२० दिवसांनी खुरपून वाफ्याला २५ ग्रॅम युरिया. याहून जास्त नको, नाहीतर रोप लांब आणि लुळं होतं. उपटायच्या आधी आठवडाभर पाणी ताणून रोप कणखर करा आणि उपटण्याच्या आदल्या दिवशी भिजवा, म्हणजे मुळं तुटत नाहीत.

बांधावरचा

वा, हेच हवं होतं. जातीचं कुणी बोललं नाही अजून.

उळेवाले_आप्पा

जात आकारासाठी निवडण्यापेक्षा हंगामासाठी निवडा. रब्बीला एन-२-४-१, एग्रीफाउंड लाईट रेड, राजगुरुनगरच्या कांदा संशोधन संस्थेच्या भीमा किरण आणि भीमा शक्ती. यातल्या कुठल्याही जातीत योग्य वेळी लागण झाली तर ६०-६५ मिमी सहज मिळतो. खरिपाची जात, उदाहरणार्थ एन-५३, बसवंत-७८० किंवा एग्रीफाउंड डार्क रेड, रब्बीत लावली तर येते खरी, पण टिकत नाही. आणि उन्हाळ कांदा चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) टिकला नाही तर मोठा होऊन उपयोग काय?

घरचं उळे करणाऱ्यांसाठी एक सूचना. मातृकांदा निवडताना ढिगातला सगळ्यात मोठा उचलू नका. त्यातले बरेचसे जाड मानेचे किंवा आतून दोन डोळ्यांचे असतात. ६० ते ७० मिमीचा, बारीक मानेचा, चाळीत कोंब न येता टिकलेला घ्या. लावण्याआधी वरचा एक तृतीयांश भाग आडवा कापून बघा. आत एकच डोळा दिसला तर लावा, दोन-तीन दिसले तर भाजीत घाला. मधमाश्या परागीकरण करतात, त्यामुळे दुसऱ्या जातीच्या डोंगळ्यांपासून प्रमाणित बियाण्याला ५०० मीटर अंतर लागतं, पायाभूतला (ज्यापासून प्रमाणित बी करतात त्याला) १००० मीटर. शेजाऱ्याच्या शेतातले पाच-पन्नास चुकार डोंगळेसुद्धा धरा त्यात.

सॅन_अँटोनियोकर

इकडे टेक्सासमध्ये '१०१५' नावाचा एक प्रसिद्ध मोठा गोड कांदा आहे, कमी दिवसमानाचाच. नावाचं कोडं सोपं आहे : दहावा महिना, १५ तारीख. बी टाकायची शिफारस केलेली तारीखच नाव झाली. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची ही जात. आप्पांनी उळ्याची पहिली तारीख १५ ऑक्टोबर दिली ते वाचून गंमत वाटली.

कारण तेच, इथेही हिवाळ्यात पाती वाढवायच्या आणि वसंतात दिवस मोठा होताना कांदा धरू द्यायचा. फरक इतकाच की अंतर जास्त ठेवतात आणि साठवणुकीची फिकीर कमी, गोड आणि पाणीदार असल्यामुळे तो टिकतच नाही.

गच्चीबाग

मग परदेशातलं ते राक्षसी कांद्याचं बी मागवून पुण्यात गच्चीवर लावलं तर? इंग्लंडमध्ये २०२३ साली हॅरोगेटच्या प्रदर्शनात ८.९७ किलोचा एक कांदा आला होता ना.

यॉर्कशायरहून

नाही होणार. इथे प्रदर्शनासाठी 'केल्से'सारख्या जाती लावतात, त्या मोठ्या दिवसमानाच्या. दिवस १४-१६ तासांचा झाल्याशिवाय त्या कांदा धरतच नाहीत. इथे जूनमध्ये दिवस १७ तासांपर्यंत जातो. पुण्या-नाशकात वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. झाड नुसती पात काढत राहील, बुडाशी जाड मान आणि खाली काही नाही. पातीचा कांदा म्हणून खायचा असेल तर खुशाल लावा.

आणि उलटही खरं. आपल्या देशी जातीचं बी इथे वसंतात लावलं तर एप्रिलमध्येच दिवस तिच्या मापाच्या पुढे गेलेला असतो, तीन-चार पातींवरच ती कांदा धरते. सुपारीएवढे कांदे मिळतात.

पण तत्त्व बघा, आप्पांनी लिहिलं तेच आहे. इथले मोठ्या कांद्याचे लोक डिसेंबरच्या शेवटी घरात, उबेत बी टाकतात, एप्रिल-मेमध्ये बाहेर लावतात आणि दोन झाडांत फूट-दीड फूट जागा सोडतात. सगळी धडपड जूनच्या आत जास्तीत जास्त पाती मिळवण्याची. जूननंतर फक्त राखण.

पाटकरी

आता अंतर आणि वाफा. इथे सगळ्यात जास्त वाद होतात.

आधी वजनाचं गणित. गोल कांदा धरला तर ५५ मिमीचा ८० ते ८५ ग्रॅम भरतो, ७० मिमीचा १७० च्या आसपास. व्यास पाव भागाने वाढला की वजन दुप्पट. म्हणून दोन-चार मिमीचा फरक हलक्यात घेऊ नका.

सपाट वाफ्यात १० × १० वर लावला तर एकरी झाडं खूप, पण माल ४०-५० मिमीच्या आसपास अडकतो. १५ × १० वर ५५-६५ ला पोहोचतो. २० × १५ वर ८० च्या पुढे जाईल, पण माना जाड होतात, जोड वाढतात आणि चाळीत आधी तेच सडतात. साठवायचा असेल तर १५ × १० सोडू नका.

रुंद वरंबा आणि ठिबक असेल तर : वरंब्याचा माथा १२० सेंमी, सरी ४५ सेंमी, उंची १५ सेंमी. माथ्यावर ठिबकच्या २ नळ्या ६० सेंमीवर. १५ सेंमीवर ८ ओळी. एकरी सुमारे १ लाख ९६ हजार झाडं बसतात. सपाट वाफ्यापेक्षा झाडं कमी, तरी माल कमी पडत नाही, कारण प्रत्येक झाडाला सारखं पाणी आणि सारखी भुसभुशीत माती मिळते, गोल्टी कमी निघते. काळ्या जमिनीत सपाट वाफा पाण्यानंतर आवळतो, भेगा पडतात, मुळं तुटतात आणि कांदा चपटा होतो. आकाराचं एवढं नुकसान नुसत्या वाफ्याच्या पद्धतीने होतं, आणि दोष बियाण्याला जातो.

लागणीची खोली २ सेंमी. रोप अंगठ्याने खोल दाबणारे मजूर असतील तर कांदा लांबट होतो, मान जाड राहते. मुळं वर वळून लागली तरी तेच. मजुरी ठरवताना हे बोलून घ्या, नंतर वाफ्यात उभं राहून ओरडण्यात अर्थ नाही.

गोदाकाठ

रोपं बुडवायची की नाही?

पाटकरी

बुडवायची. कार्बेन्डाझिम लिटरला १ ग्रॅम, मुळं दोन तास. प्रत्यक्षात लोक दोन मिनिटं बुचकळतात आणि म्हणतात औषध लागू पडत नाही. सकाळी उपटून मुळं द्रावणात ठेवा आणि उन्हं कलल्यावर लावा, दोन्ही साधतं.

लागणीबरोबर पाणी, तिसऱ्या दिवशी आंबवणी (हलकं दुसरं पाणी). पुढे जमिनीनुसार ७ ते १० दिवसांनी. मुळं वरच्या १५-२० सेंमीतच असतात, म्हणून एकदम भरपूर आणि मग पंधरा दिवस कोरडं, असं चालत नाही. फुगवणीत ताण पडला तर कांदा थांबतो, आणि मग अचानक पाणी मिळालं की आतले डोळे वेगळे वाढून जोड होतो किंवा वरचा पापुद्रा तडकतो.

कृषी_डायरी

खताचा हिशोब. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची रब्बीची शिफारस हेक्टरी ११०:४०:६० नत्र, स्फुरद, पालाश आणि ३० किलो गंधक. एकरी होतं ४४:१६:२४ आणि १२ किलो गंधक. पोत्यांच्या भाषेत :

लागणीआधी १०:२६:२६ ६२ किलो, अमोनियम सल्फेट ५० किलो, म्युरेट ऑफ पोटॅश १३ किलो. यातून स्फुरद, पालाश, गंधक पूर्ण आणि १६ किलो नत्र जातं. मग युरिया ३० किलो लागणीनंतर ३० व्या दिवशी आणि ३० किलो ४५ व्या दिवशी. ठिबक असेल तर हाच ६० किलो युरिया दर दहा दिवसांनी १०-१० किलो असा सहा हप्त्यांत, साठाव्या दिवसापर्यंत.

साठ दिवसांनंतर नत्र बंद, पूर्ण बंद. इथे मात्र अनेकांचा हात थांबत नाही. फुगवणीत युरिया दिला की झाड पुन्हा पात काढायला लागतं, मान जाड राहते, माना वेळेवर पडत नाहीत, जोड वाढतात आणि चाळीत दोन महिन्यांत कोंब येतात. शेतात काढताना तो कांदा मोठा दिसतो, म्हणून चूक लक्षात येत नाही.

गंधक विसरू नका. डीएपी आणि युरियावरच पीक काढलं तर गंधक शून्य जातं, आणि कांद्याचा तिखटपणाच गंधकाच्या संयुगांचा असतो.

नवा_सभासद_७

फुगवणीसाठी 'वाढरोधक' मारतात, क्लोरमेक्वाट वगैरे. त्याने पात थांबते आणि सगळी ताकद कांद्यात उतरते म्हणतात. ते किती मारायचं?

उळेवाले_आप्पा

दादा, धाग्याच्या सुरुवातीचं पुन्हा वाचा. पात हाच कांद्याचा कारखाना आहे. कारखाना बंद करून माल जास्त निघत नाही. लवकर मारलं तर पाती कमी पडून कांदा लहान राहतो, उशिरा मारलं तर झाड तसंही पात काढायचं थांबलेलंच असतं. 'फरक पडला' म्हणणारे शेजारी चार वाफे न मारता ठेवत नाहीत, मग फरक कसा कळणार?

शिवाय मालात उरणाऱ्या औषधाच्या अंशाचा प्रश्न. २०१० साली युरोपात आपली द्राक्षं याच क्लोरमेक्वाटच्या अंशापायी अडकली होती, नाशिकवाल्यांना सांगायला नको. लेबलवर कांदा आणि त्याची मात्रा छापलेली नसेल तर कुठलंच औषध मारू नका.

निफाडचा_वाफा

+१. पालाशाच्या फवारणीबद्दल मी आप्पांइतका कडक नाही. जमिनीत पालाश कमी असेल, पाणी क्षारयुक्त असेल, तर ६० ते ७५ दिवसांत ०:०:५० (पालाशाचं विद्राव्य खत) लिटरला ५ ग्रॅमच्या एक-दोन फवारण्यांनी पात हिरवी टिकायला मदत होते. पण तो टेकू आहे. पातीच नसतील तर टेकू कशाला देणार?

उळेवाले_आप्पा

टेकू चालेल. माती परीक्षण करून मारला तर जास्त चालेल.

पाटकरी

पात टिकवण्याचं खरं काम फुलकिडे आणि करपा यांच्याशी आहे. फुलकिडे मानेच्या बेचक्यात, कोवळ्या पातीत बसून खरवडतात, पांढरे-चंदेरी चट्टे पडतात, पात वाकडी होते. जानेवारीच्या शेवटी ऊन वाढलं की संख्या एकदम चढते, म्हणजे नेमकी फुगवणीच्या तोंडावर. दहा-पंधरा झाडांच्या माना उघडून मोजा. झाडामागे ३० च्या आसपास आले की फवारा, दोन दिसले म्हणून नको.

फिप्रोनील ५ टक्के लिटरला १ मिली, सोबत चिकटद्रव्य ०.६ मिली. कांद्याची पात मेणचट आणि उभी असते, चिकटद्रव्याशिवाय थेंब घरंगळून जमिनीवर. नोझल मानेकडे धरा, वेळ संध्याकाळची. पुढच्या फवारणीला दुसऱ्या गटातलं औषध, तेच ते नको. लागणीआधी महिनाभर शेताच्या कडेने बाहेर मक्याच्या दोन ओळी आणि आत गव्हाची एक ओळ पेरली तर बाहेरून उडून येणारे बरेच अडतात. स्वस्त उपाय आहे, कुणी करत नाही.

करपा : ढगाळ हवा, दव किंवा अवकाळी पाऊस झाला की जांभळट मध्य असलेले लांबट डाग. मॅन्कोझेब लिटरला २.५ ग्रॅम, डाग यायच्या आधी. डाग वाढल्यावर ट्रायसायक्लाझोल लिटरला १ ग्रॅम. एक पात जळली म्हणजे एक पापुद्रा पातळ झाला, असं समजून चाला.

तणाचंही तेवढंच. कांद्याची पात सावली करत नाही, तण त्याला सहज गिळतं. पहिले ४५ दिवस वाफा स्वच्छ हवा. ऑक्सिफ्लोरफेन २३.५ टक्के लिटरला दीड ते दोन मिली लागणीच्या आधी किंवा लगेच, मग ४० ते ६० दिवसांत एक खुरपणी. खुरपं खोल घालू नका, मुळं वरच असतात.

गच्चीबाग

राक्षसी कांदा सोडला. साधा मोठा कांदा गच्चीवर जमेल का?

कृषी_डायरी

जमेल. २५ सेंमी खोलीचा चौकोनी वाफा किंवा पिशवी, निचऱ्याला छिद्रं. निम्मी माती, तीस टक्के गांडूळखत, बाकी कोकोपीट. एका चौरस फुटात ६ रोपं, जास्त नको. दिवसाचं किमान सात-आठ तास थेट ऊन. इमारतीच्या सावलीत दुपारनंतर ऊन जात असेल तर फक्त पात मिळेल. बी बाजारातलं 'वर्षभर लावा' लिहिलेलं पाकीट घेऊ नका, जातीचं नाव असलेलं रब्बीचं घ्या. तारखा शेतातल्याच.

चाळवाला

शेवटचा टप्पा राहिला. निम्म्या माना पडल्या की काढणी. त्याच्या १० ते १५ दिवस आधी पाणी बंद. वजन वाढेल म्हणून शेवटपर्यंत पाणी देणारे खूप. वाढतं ते पाणी, आणि ते चाळीत घाण होऊन बाहेर पडतं.

काढल्यावर ३ ते ५ दिवस शेतात अशी ओळ लावा की पुढच्या कांद्यांची पात मागच्या कांद्यांवर येईल. ऊन कांद्याला नाही, पातीला लागलं पाहिजे. मग २ ते अडीच सेंमी मान ठेवून पात कापा, १०-१२ दिवस सावलीत पातळ पसरून सुकवा. मान अगदी कांद्यालगत कापली तर रोगाला दार उघडं. ८० मिमीच्या वरचे, जोड आणि जाड मानेचे वेगळे काढून आधी विका, चाळीत घालू नका.

गोदाकाठ

एक राहिलं. लावताना रोपाचे शेंडे कापायचे का? इथे पातीला इतकं महत्त्व दिलंय, मग कापायची कशी?

पाटकरी

वरचा एक तृतीयांश कापायचा. उपटल्यावर मुळं कमी झालेली असतात आणि पात तेवढीच, ती पाणी उडवत राहते आणि रोप आडवं पडतं. कापलेल्या त्या पाती तशाही पुढे वाळून जाणाऱ्या असतात. कांदा बनतो तो नंतर येणाऱ्या पातींचा, त्या मधल्या शेंड्यातून येतात. निम्म्याच्या खाली मात्र कापू नका, तो मधला कोंबच छाटला जातो. आणि विळा स्वच्छ ठेवा, करप्याचे डाग असलेल्या जुड्या शेवटी कापा.